कोरं तोंड

"कोरं तोंड आणा," खुर्चीवरचा माणूस म्हणाला.

मी तिसरीत होते. हिवाळ्यातली सकाळ. पाटलाच्या खळ्यावर तंबाखूचे ढीग ओल्या पोत्यांखाली झाकलेले. दव आहे तोवरच वाळलेल्या तंबाखूला हात लावता येतो. ऊन चढलं की पानाचा चुरा होतो. म्हणून मालाची पारख नेहमी सकाळीच व्हायची. खुर्ची पाटलाच्या घरून आणलेली. तिच्यावर बसलेला माणूस अकोल्याच्या व्यापाऱ्यानं पाठवलेला. गाव त्याला पारखीसाहेब म्हणायचं. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, पायात बूट. हातात चहाची बशी. तो कोणत्याच ढिगाला हात लावत नव्हता.

पाटलाच्या सालदारानं खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हा पोरांकडे पाहिलं. तिथं पाटलाचा नातू होता. माझ्याच वर्गातला, माझ्याच उंचीचा. सालदाराची नजर त्याच्यावरून पुढे सरकली. किराणा दुकानदाराच्या मुलीवरूनही सरकली. माझ्यावर येऊन थांबली.

"ये वो पोट्टे, इकडं ये."

मी गेले. खुशीत गेले. एवढ्या मोठ्या माणसांत मला कोणी निवडून बोलावलं, असं वाटलं.

सालदारानं पाटलाच्या ढिगातलं एक पान काढलं, चुरलं, चिमूट केली आणि माझ्या हातावर टाकली. वरून टाकली. त्याचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून.

"गालात धर. थुंकायचं नाही," पारखी म्हणाला.

मी धरली. आधी नुसती जीभ जळाली. मग कानात घूं असा आवाज सुरू झाला. मग हातपाय गार पडले, कपाळावर घाम आला, आणि खळं, ढीग, माणसं, सगळं गरगरायला लागलं. पारखी मनगटावरचं घड्याळ बघत होता. मध्येच माझ्या तोंडाकडे बघायचा, परत घड्याळाकडे. मी ओकले. चहा, रात्रीची शिळी भाकर, सगळं पडलं. गुडघ्यांवर बसले आणि परत ओकले.

पारखीनं बशीतला उरलेला चहा संपवला.

"कडक आहे. पहिला नंबर."

लोक हसले. पाटील हसला. कोणीतरी म्हणालं, पोट्टीनं पाटलाचं नाव काढलं. मग सालदारानं मला सांगितलं, जागा साफ कर. मी ओंजळीनं माती आणून टाकली आणि माझी ओकारी माझ्याच हातांनी भरून खळ्याबाहेर नेली. फ्रॉकला हात पुसले.

कोरं तोंड म्हणजे काय, ते सांगते. खायच्या तंबाखूला भाव मिळतो तो तिच्या कडकपणाला. रोज खाणाऱ्याला हा कडकपणा कळत नाही, त्याचं तोंड सरावलेलं असतं. आमच्याकडे बाप्ये तंबाखू खायचे आणि बाया तंबाखू जाळून तिचं मंजन लावायच्या. तेव्हा ज्याला कधीच तंबाखू लागलेली नाही, असं तोंड शोधायचं. म्हणजे लेकराचं. लेकराला जितकी लवकर भोवळ येईल तितका माल चांगला. व्यापारी दूर, पारखीला घाई, आणि गावात लेकरं फुकट.

पण फुकट लेकरं गावाच्या एकाच बाजूला होती. पाटलाच्या वाड्यात कोरी तोंडं नव्हती का? होती. दुकानदाराकडे होती, मास्तरकडे होती. तरी कोरं तोंड आणा म्हटलं की माणूस नदीकडे, खाली, महारपुऱ्यात यायचा. आम्ही बौद्ध होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, विहारावर निळा झेंडा होता. गावाच्या तोंडी मात्र महारपुराच. पूर आला की पाणीही आधी तिथंच शिरायचं.

आमचं गाव पूर्णेच्या काठावर, दर्यापूरहून काळीपिवळी जीपनं जायचं. इकडं सगळा कापूस, तूर, सोयाबीन. जमिनीखालचं पाणी खारट. हे खारं पाणी बाकी पिकांना मारतं, पण तंबाखूला मानवतं, म्हणून नदीकाठच्या गाळावर काही घरं तंबाखू लावायची. आमच्याकडे तसाच एक तुकडा होता. बाबा त्या तुकड्यात राबराब राबायचे. शेंडा खुडायचे, बगलेतून येणारे फुटवे रोज काढायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरावा. त्यांच्या हाताला तंबाखूचा चीक बसून बोटं काळी कुळकुळीत झाली होती. साबणानं जायची नाहीत. लग्नात पंगतीला बसले की ते उजवा हात मांडीखाली घालून बसायचे, वाढणारा आला की मगच काढायचे.

त्या दिवशीचा खरा मार नंतर बसला.

पाटलाचा ढीग झाला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. प्रत्येक वेळी चिमूट माझ्याच हातावर पडली. चूळ भरायला पाणी द्यायचे, थोडं बसू द्यायचे, की परत. दुसऱ्या ढिगाला मी ओकले. तिसऱ्याला नुसता पित्ताचा घोट आला. आमच्या वस्तीचा माल शेवटी. बाबांचा ढीग तर सगळ्यांत शेवटी. तोवर ऊन अंगावर आलं होतं आणि माझं तोंड मेलं होतं. जीभ आहे की नाही तेही कळत नव्हतं. पोटात काही उरलंच नव्हतं तर वर काय येणार? पारखीनं घड्याळ बघितलं. थांबला. परत बघितलं.

"हलका माल. शेवटच्या नंबरात टाका."

मला वाटलं होतं बाबा म्हणतील, साहेब, पोरीचं तोंड पाटलाच्या मालानं मारलं, उद्या बघा. सगळ्या खळ्याला हे दिसत होतं. एकानंही म्हटलं नाही. बाबांनी पोत्याचे कोपरे गोळा केले आणि काळ्या बोटांनी गाठ मारली.

घरी आल्यावर मी गोधडीत पडले होते. बाबा माझ्या उशाशी येऊन बसले. मग म्हणाले, "आपल्या ढिगाले काहून नाई ओकली वो माय?"

रागानं नाही. विनवल्यासारखं.

हे वाक्य मी आजही विसरले नाही. पारखीचा चेहरा मला धड आठवत नाही, हे वाक्य आवाजासकट आठवतं. मला तेव्हा पारखीचा राग यायला हवा होता, पाटलाचा यायला हवा होता. मला माझाच राग आला. आपण आपल्या बापासाठी साधं ओकूसुद्धा शकलो नाही, असं वाटून मी गोधडीत तोंड खुपसून रडले. गुलामी आणखी कशी असते? लेकराला ओकायला लावायचं, आणि लेकरानं ते कमी पडलं म्हणून बापाची माफी मागायची.

पुढच्या हिवाळ्यात मी तयारीनं गेले. ठरवलंच होतं. पाटलाच्या मालाला ओकायचं नाही. काही झालं तरी नाही. चिमूट गालात धरली, दात आवळले, मुठी आवळल्या. पोटातून वर आलेलं मी परत गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी उभी होते. पाटील अस्वस्थ झाला. सालदारानं दुसरी चिमूट टाकली, मी तीही धरली. मला आतून हसू येत होतं. पहिल्यांदा त्या खळ्यावर माझ्या मनासारखं काहीतरी होत होतं.

पारखीनं मला जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं, आत बघितलं. मग सालदाराला म्हणाला, "हे तोंड बिघडलं. दुसरं आणा."

बल्ब गेला की दुसरा लावतात, तसं. सालदार वस्तीत गेला आणि सुमीला घेऊन आला. सुमी माझी धाकटी बहीण. अजून शाळेतही जात नव्हती. ती नुसती ओकली नाही. तिचे डोळे पांढरे झाले आणि ती आडवी पडली. पारखी खूश झाला. एवढा कडक माल या वर्षी कुठंच मिळाला नाही, म्हणाला. सुमी कितीतरी दिवस अन्नाला तोंड लावत नव्हती. मायनं तिला मांडीवर घेऊन लिंबाचं पाणी पाजलं. माय त्या काळात बाबांशी बोलली नाही. बाबा अंगणातच जेवायचे.

माझी हुशारी माझ्यापुरती होती. मी सुटले, की बाजूची सापडली. खळ्याला तोंड लागतंच. कुणाचं, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही.

त्यानंतर मी गावात फार राहिले नाही. पाचवीपासून अमरावतीला वसतिगृहात गेले. तिथल्या डाळीत पाणी जास्त होतं आणि खोलीत ढेकूण होते, पण मला खळ्यावर कोणी बोलावत नव्हतं. शिकले. कृषी पदविका केली. बाबा मधल्या काळात गेले. घशाचा रोग झाला होता. डॉक्टरनं विचारलं, तंबाखू खायचे का? माय म्हणाली, खायचे, लावायचे, वाहायचे, त्यातच झोपायचे.

मग मला नोकरी लागली ती तंबाखूचीच. लोक हसले. एका खरेदी करणाऱ्या कंपनीत पीक तपासनीस. मीही स्वतःला विचारलं, हेच काम का? पण खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीच्या बाजूला जायचं होतं. पारखी आमच्यातला असेल तर पारख वेगळी होईल, असा माझा भाबडा हिशेब होता. वर्षभर उभ्या पिकात फिरले. पानावर करपा आहे का, फवारणी कधी केली, शेंडा वेळेवर खुडला का, हे बघायचं. गाडीवरून धुळीत फिरायचं. पोशाखाकडे बघून लोक म्याडम म्हणायचे. मोठ्या घरी चहा आला की आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव कळलं की आवाजात थोडा फरक पडायचा. चहा मात्र प्यायलाच लावायचे, कारण पानावर रोग लिहायचा की नाही ते माझ्या हातात होतं.

हंगाम नीट गेला की मला कायम करणार होते. घर माझ्यावर होतं. माय थकली होती, सुमीची नर्सिंगची शेवटची परीक्षा राहिली होती. वस्तीतून अशी नोकरी मिळालेली मी पहिलीच. माय बाजारात भेटेल त्याला सांगायची, माही पोट्टी आता माल पास करते.

माझे वरिष्ठ मुख्य तपासनीस होते. मी त्यांना साहेब म्हणायचे. पुण्याकडचे. हळू बोलायचे, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. सुपारीसुद्धा खात नसत. चहाऐवजी गरम पाणी प्यायचे. रविवारी शाळांमध्ये जाऊन व्यसनमुक्तीवर भाषण द्यायचे आणि ते सांगताना आपल्याच कामावर थोडं हसायचे. माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. उलट एकदा म्हणाले, तुमच्यासारख्या मुलींनी पुढे आलं पाहिजे. मला ते आवडलं होतं.

या वर्षी खरेदी सुरू झाली तेव्हा साहेबांनी मला पहिल्यांदा सोबत घेतलं. गाव अकोट तालुक्यातलं, पूर्णेचाच काठ. सकाळी पोहोचलो, ते त्यांच्या गाडीतून, मी माझ्या दुचाकीवरून. दव होतं. खळं होतं, पोत्यांखाली ढीग होते. गाडीत ओलावा मोजायचं यंत्र होतं, साहेबांच्या हातात टॅब होता, मालाचे फोटो थेट कंपनीकडे जात होते. नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत जातो, तिथं कडकपणा आकड्यात कळतो, हे मला माहीत होतं. मी स्वतः उन्हाळ्यात गोदामातल्या मालाचे नमुने बांधून पाठवले होते. त्यामुळे इथं अजून लेकराचं तोंड लागेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

पहिला ढीग किसनभाऊंचा होता. आमच्यातलाच माणूस. तशीच बोटं. ट्रक रस्त्यावर उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साहेबांनी यंत्र लावलं, फोटो काढला, मग माझ्याकडे वळून नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "प्रयोगशाळेचं उत्तर यायला आठवडा जाईल. एखादं लहान मूल बघा. वस्तीतलं."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. पण मी त्यांच्याकडे बघतच राहिले, हे काहीतरी दुसरं बोलत असतील म्हणून.

मला शोधावं लागलं नाही. किसनभाऊंनीच आपल्या मुलीला पाठीमागून पुढे केलं. रोशनी तिचं नाव. शाळेचा गणवेश घातलेली, केसांना रिबिनी. ती चालत आली, साहेबांच्या समोर उभी राहिली आणि कोणी काही सांगायच्या आधीच तिनं तोंड उघडलं. दवाखान्यात डॉक्टरसमोर उघडतात तसं. म्हणजे तिला माहीत होतं. मागच्या वर्षी झालं होतं.

मागच्या वर्षी याच कंपनीनं. याच साहेबांनी. म्हणजे मी ज्या खुर्चीच्या बाजूला यायला धडपडले, ती खुर्ची होती तशीच होती, फक्त तिच्या हातात टॅब आला होता.

"साहेब, हे होणार नाही," मी म्हणाले.

ते हसले. समजूत घालायच्या सुरात म्हणाले, की इथं पद्धतच आहे, पालकांची हरकत नाही, जरा भोवळ येते आणि जाते, ट्रक थांबलाय. मी म्हणाले, लहान पोरीला तंबाखू देणं गुन्हा आहे. ते म्हणाले, देतोय कुठे, तपासतोय. भोवती लोक जमले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. किसनभाऊ तर असे बघत होते, की मी त्यांच्या ढिगाला काडी लावतेय.

मग साहेबांनी त्यांच्या मते तोडगा काढला.

"तुम्हीच घ्या ना. तुमचं तोंड कोरंच आहे, तंबाखू कधी खात नाही असं तुम्हीच सांगत होता. मुलीलाही त्रास नाही."

खळ्याचा जीव भांड्यात पडला. खरंच, सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. किसनभाऊ पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "घ्या ना बाई. पोट्टीचं सुटते."

त्यांनी चिमूट माझ्या हातावर ठेवली. वरून टाकली नाही, ठेवली. तो वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं. मी तिसरीत होते.

खोटं कशाला सांगू, मी घेणार होते. हात वर गेलासुद्धा होता. रोशनी वाचेल, माल जाईल, माझी नोकरी राहील, साहेब खूश. सगळ्यांचं भलं होत होतं, फक्त ओकायचं मला होतं. आणि मग मला चीड आली. काय म्हणून? शिकले, तपासनीस झाले, गाडीवरून आले, आणि एवढ्या सगळ्या लोकांत पुन्हा ओकायचं ते मीच? रोशनी नाही तर मी. मी नाही तर सुमी. आमच्या बाहेरचं तोंड या माणसाला दिसतच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या तोंडाएवढं कोरं तोंड त्या अख्ख्या खळ्यावर नव्हतं, आणि ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मी हात त्यांच्यासमोर धरला.

"साहेब, तुम्ही सुपारीपण खात नाही. तुम्ही घ्या."

साहेबांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग कानापासून लाल होत गेला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"कळते, साहेब. गालात धरा. थुंकू नका. मी घड्याळ पाहते."

"मला बीपीचा त्रास आहे."

"म्हणजे ह्यानं काय होते ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "मंग तिच्या तोंडात कायले टाकत होते?"

माझी बोली निघून गेली होती. अमरावतीला, कॉलेजात, ऑफिसात जपून घासून ठेवलेलं माझं शुद्ध बोलणं कुठं गेलं ते कळलं नाही. कोणी हसलं नाही. साहेबांनी टॅब बंद केला. माझ्याकडे न बघता ते गाडीत जाऊन बसले, काच वर केली आणि फोन लावला. थोड्या वेळानं ट्रक वळला. वरच्या गल्लीतला माल त्यांनी फोटोवर उचलला, तिथं कोणाच्या तोंडाची गरज पडली नाही. वस्तीचे ढीग तसेच राहिले.

रोशनीचं तोंड अजून उघडंच होतं. तिनं मला विचारलं, "झालं का?" मी मान हलवली तेव्हा तिनं ते मिटलं आणि शाळेत पळाली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लोक टाळ्या वाजवतात ते अशा ठिकाणी. पण खळ्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. किसनभाऊ माझ्यासमोर आले. त्यांचा आवाज फुटत होता.

"पोट्टी ओकली असती अन् उठली असती, बाई. तुमाले दुसरी नोकरी भेटन. मी हा माल घेऊन कुठं जाऊ?"

माझ्या उशाशी बसलेल्या बाबांच्या आवाजासारखाच आवाज होता तो. मी त्यांच्यावर चिडूही शकले नाही, त्यांच्या पायाही पडू शकले नाही. गाडीवर बसले आणि निघाले.

वाटेत पोलीस ठाण्यात गेले. तक्रार लिहून घ्या म्हटलं. समोरच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलं का कोणी?" नाही म्हटल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं. मी तिथंच बाकावर बसून राहिले. दुपार झाली, माणसं आली गेली. शेवटी कंटाळून त्यानं अर्ज घेतला आणि शिक्का मारला. पुढे काय करतील ते मला माहीत नाही. उद्या परत जाणार आहे. परवाही जाईन.

ऑफिसातून फोन आला, सध्या फिल्डवर जाऊ नका. सध्या म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मायला सांगितलं. मला वाटलं ती कपाळावर हात मारेल. ती तांदूळ निवडत होती. ऐकत गेली. तिनं एवढंच विचारलं, "मंग घेतलं का त्यानं तोंडात?" मी म्हणाले, नाही. "हात नाई लावला?" नाही. तिनं परत विचारलं, नेमका काय म्हणाला. मी परत सांगितलं. तिला ते बीपीचं दोनदा ऐकायचं होतं. मग म्हणाली, सुमीच्या परीक्षेचं पाहू काहीतरी, आणि सूप उचलून आत गेली. तिला काळजी नव्हती असं नाही. मी अंगणात होते तोवर तिचा उसासा ऐकू येत होता.

मी परत किसनभाऊंच्या गावी गेले. जायला भीती वाटत होती, तरी गेले. वाळलेली तंबाखू नीट रचून, दाबून, अधूनमधून हलवत ठेवली तर टिकते. एवढं मला बापानं शिकवलं होतं. वस्तीतली माणसं घेऊन विहारात बसलो. मी सांगितलं, माल एकत्र ठेवा. नमुना नागपूरला पाठवू, मीच बांधते. उत्तर आलं की ज्याला घ्यायचं तो आकडा बघून घेईल, तोवर एकही ढीग खळ्यावर न्यायचा नाही आणि एकही पोर पुढे करायचं नाही. एक म्हातारा उठून गेला. म्हणाला, ही आता नोकरी गेल्यावर पुढारीण झाली. दुसरे दोघं त्याच्या मागे गेले. मग रोशनीची आई, जी आतापर्यंत दाराशी उभी होती, आत आली आणि आमचा माल ठेवा म्हणाली. किसनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही पाहिलं. पण नाही म्हणाले नाहीत. आणखी दोन घरं तयार झाली. वस्तीत घरं पुष्कळ आहेत. तयार झाली ती एवढीच.

नमुने गेले आहेत. उत्तर यायचं आहे. त्याआधी ट्रक येणार, असा निरोप आला आहे, दुसऱ्या तपासनिसाला घेऊन. तो कसा आहे मला माहीत नाही. हळू बोलणारा असेल, नाहीतर मोठ्यानं बोलणारा. उठून गेलेल्या घरांचे ढीग खळ्यावर लागतील आणि कोणीतरी आपलं लेकरू पुढे करील, हेही मला माहीत आहे. मी त्या लेकराला ओढून बाजूला नेणार नाही. तसं केलं की ते दुसरं आणतात. मी त्याच्या जागी उभीही राहणार नाही.

मी जाणार आहे. दव असतानाच जाणार आहे. पहिल्या ढिगातलं पान मी स्वतः काढीन, स्वतः चुरीन, आणि जो कोणी पारखायला आलेला असेल त्याच्यासमोर सगळ्या गावादेखत हात धरीन. त्यानं घेतलं नाही, की पुढच्या ढिगाला परत धरीन. त्याच्या पुढच्या गावातही धरीन. आधी त्याचं तोंड उघडेल. मग मालाचं बोलू.